एक शहर, दोन डोंगर

अंकाचा विषय ‘राजधानी गेल्यावर’ असा ठरला, तेव्हा पैठण, देवगिरी, रायगड, सातारा ही नावं पहिल्या पाच मिनिटांतच वाटली गेली. परदेशातलं उदाहरण म्हणून पोलंडचं क्राकोव्हही कुणीतरी उचललं. वऱ्हाडची मात्र कुणाला आठवण झाली नाही. यात नवल काहीच नाही. वऱ्हाड म्हटलं की कापूस, संत्री, जिनिंग-प्रेसिंग आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यापलीकडे सहसा कुणाची गाडी जात नाही. पण वऱ्हाडालाही स्वतःची राजधानी होती. ती अमरावती नव्हे आणि अकोला तर नव्हेच. ती अचलपूर, जुन्या कागदांत एलिचपूर.

अमरावतीहून चिखलदऱ्याला निघालेली गाडी पन्नासेक किलोमीटरवर परतवाड्याला थांबते. प्रवासी उतरतात, चहा घेतात, आलूबोंडे बांधून घेतात आणि घाटाला लागतात. अचलपूर तिथेच, परतवाड्याला चिकटून आहे. दोन्ही गावांना नगरपरिषदही एकच. तरी शंभरातले नव्वद पर्यटक तिकडे वळत नाहीत. परतवाडा म्हणजे जुनी छावणी. सरळ रस्ते, मोठे प्लॉट, लाकडाच्या आरा गिरण्या, संत्र्याची मंडी. अचलपूर म्हणजे त्याच्या किती तरी शतकं आधीचं गाव. सापन आणि बिच्छन या दोन नद्यांच्या आधारानं ते वसलं.

किती आधीचं, याचा एक पक्का पुरावा मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात सापडला. तिवरखेडच्या ताम्रपटात राष्ट्रकूट घराण्यातल्या नन्नराजानं दान दिल्याची नोंद आहे. ते दान अचलपुराहून दिलेलं, आणि त्याचा काळ इसवी सन 631-32. म्हणजे मान्यखेटचे राष्ट्रकूट उदयाला येण्याच्याही आधी या गावातून राजाज्ञा सुटत होत्या.

इथेच का, याचं उत्तर नकाशा आडवा धरला की कळतं. उत्तरेला सातपुड्याची गाविलगडची रांग, दक्षिणेला पूर्णेचं सपाट, काळंभोर खोरं. उत्तरेकडून घाट उतरून दख्खनेत येणाऱ्याला पहिला मोठा मुक्काम या पायथ्याशीच पडणार. अलाउद्दीन खिलजी 1296 मध्ये देवगिरीवर चालून गेला तो एलिचपुरावरूनच. आणि रामदेवरायाशी तह झाला तेव्हा या प्रांताचा वसूलही त्यानं मागून घेतला. पुढे 1347 मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि एलिचपूर त्यातल्या वऱ्हाड तरफेचं मुख्य ठाणं झालं.

आधी तट, मग बंड

या राजधानीची खरी गोष्ट फतहुल्ला नावाच्या माणसापासून सुरू होते. तो जन्मानं विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण. लढाईत कैद होऊन लहानपणीच बहमनींच्या चाकरीत आला, मुसलमान झाला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या हाताखाली वाढला आणि शेवटी स्वतःच सुभेदार होऊन इमाद-उल-मुल्क हा किताब मिळवून बसला.

बिदरची बहमनी गादी तेव्हा खिळखिळी झाली होती. फतहुल्लानं घाई केली नाही. अकोला जिल्ह्यात अकोटच्या उत्तरेला असलेल्या नरनाळ्यावर 1487 मध्ये त्यानं महाकाली दरवाजा बांधला. पुढच्याच वर्षी, 1488 मध्ये, गाविलगडाची दुरुस्ती केली. हा किल्ला अहमदशहा वली बहमनीनं 1425-26 च्या सुमारास बांधून घेतला होता. दोन्ही डोंगर असे पक्के झाले आणि 1490 मध्ये त्यानं बिदरला रामराम ठोकून स्वतःची इमादशाही उभी केली. बंडखोर आधी बंड करतात आणि मग तटाला चुना लावत बसतात. या माणसानं क्रम उलटा ठेवला.

नरनाळ्याच्या दरवाजावरचा शिलालेख या दृष्टीनं वाचण्यासारखा आहे. त्यात राज्य करणाऱ्या बहमनी सुलतानाचं, शिहाबुद्दीन महमूदशहाचं नाव अगदी अदबीनं कोरलंय. तीन वर्षांनी ज्याची सत्ता झुगारायची, त्याच्याच नावानं दरवाजा उभा राहिला.

म्हणून अचलपूर एकटं पाहून काही हाती लागत नाही. इमादशाहीची राजधानी एका जागी नव्हतीच. बाजार, मशिदी, बागा, कारभार खाली सपाटीवर. खजिना, दारूगोळा आणि संकटकाळचा आसरा वर डोंगरात, पूर्वेला गाविलगड आणि पश्चिमेला नरनाळा. शहर एक आणि त्याला डोंगर दोन. आज या तिघांची अशी काही वाटणी झालीय की कुणाला ते एकत्र दिसतच नाहीत. शहर नगरपरिषदेकडे, गाविलगड चिखलदऱ्याच्या ‘पॉइंट’च्या यादीत, नरनाळा दुसऱ्या जिल्ह्यात आणि वाघांच्या राखीव जंगलात. भावाभावांत वावर वाटून घ्यावं तशी गत.

पाण्यातला मनोरा

अचलपूरच्या बाहेर शेतांमध्ये हौज कटोरा आहे. रस्ता विचारावा लागतो. कुणीही सांगतो; पण सांगण्याआधी ‘काहून? काय हाय तिथं?’ असं एकदा विचारून घेतो.

तिथं एक गोल हौद आहे आणि त्याच्या मध्यभागी अष्टकोनी, तीन मजली इमारत. आठही बाजूंना कमानी, एकावर एक. पाण्यानं भरलेल्या वाडग्यात मनोरा ठेवावा तसा बेत. ही इमादशाही काळातली विलासवास्तू मानतात. भोवती पाणी, वरच्या मजल्यावर बसायला जागा आणि चारी बाजूंनी येणारा वारा. वऱ्हाडातला मे महिना ज्यानं काढलाय, त्याला या रचनेमागचं शहाणपण वेगळं समजावून सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तिथं पाण्यावरून येणारी झुळूक ही खरी श्रीमंती. याच जातीची पण कितीतरी मोठी इमारत नगरला आहे, निजामशाहीतला फराहबाग. तीही अष्टकोनी आणि तीही पाण्याच्या मधोमध. तिचं काम 1583 मध्ये पुरं झालं. फराहबागेवर लेख निघतात, छायाचित्रं छापली जातात. हौज कटोऱ्याच्या वाट्याला ते फारसं येत नाही.

मनोऱ्याचे मजले मुळात जास्त होते आणि कुण्या नवाबानं वाड्यासाठी दगड काढून नेला, असं गावात सांगतात. आता जे उभं आहे तेही कमी देखणं नाही. पण गिलावा जागोजागी सुटलाय आणि सांध्यांतून झाडोरा फुटलाय. पिंपळाची एक मुळी भिंतीत गेली की दहा-वीस पावसाळ्यांत ती कमान फोडते, हे कुठल्याही गवंड्याला ठाऊक आहे. तिथं उभं राहिलं की स्मारकाच्या भवितव्याची चिंता करण्यापेक्षा हातात विळा घ्यावासा वाटतो.

या शहराचं एक वर्णन मला फार आवडतं. अकबराच्या दरबारी अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. वऱ्हाड सुभ्याबद्दल लिहिताना त्यानं एलिचपूर हे मोठं शहर आणि राजधानीचं ठिकाण असल्याची नोंद केली. आणि पाठोपाठ, जमिनीलगत उगवणाऱ्या इथल्या एका अतिशय सुवासिक फुलाबद्दलही लिहिलं. वसूल, परगणे, फौज यांच्या त्या हिशेबी ग्रंथात एलिचपूरच्या वाट्याला एक फूल आलं.

दरवाजातून जाणारं गाव

जुन्या अचलपुरात चोपन्न पुरे होते, असं म्हणतात. सुलतानपुरा, अब्बासपुरा, बिलनपुरा, सरमसपुरा, हिरापुरा, जीवनपुरा ही नावं अजून रोजच्या तोंडी आहेत. सुलतानपुरा सुलतान खानाच्या नावाचा. त्याची गढीही त्याच भागातली. एकेका सरदाराला जागा मिळे, तो आपली माणसं वसवी आणि पुऱ्याला नाव चिकटे. राज्यं गेली, सरदार गेले, पण टपाल अजून त्याच पत्त्यावर येतं.

शहराच्या परकोटाचं श्रेय इस्माईल खान पन्नी या नवाबाला देतात. इमादशाही बुडाल्यावर वऱ्हाड निजामशाहीकडे, तिथून मोगलांकडे आणि 1724 नंतर हैदराबादच्या निजामाकडे गेलं. निजामाच्या वतीनं एलिचपूर सांभाळणारे हे पन्नी पठाण. बाळापूरचा मातीच्या भाजक्या विटांचा देखणा किल्ला याच इस्माईल खानानं 1757 मध्ये पुरा केला. पुढच्या सलाबत खानानं एलिचपुरात बाग केली, वाडा वाढवला, पाण्याचे जुने पाट लांबवले, अशी नोंद आहे. राज्य निजामाचं, वसुलीत वाटा नागपूरकर भोसल्यांचा, मधे नवाब. या दुहेरी अमलात रयतेनं काय भोगलं असेल ते निराळं सांगायला नको.

परकोट आता तुकड्यांत उरलाय, पण दरवाजे आहेत. दुल्हा गेट, खिडकी गेट. सकाळी यांच्यापाशी उभं राहावं. संत्र्याच्या क्रेटांनी लादलेला छोटा हत्ती कमानीत शिरतो, समोरून ऑटो येतो, दोघांपैकी एकानं मागं हटायचं असतं आणि कुणी हटत नाही. शाळेची पोरं सायकलीवरून मधल्या फटीतून निसटतात. कमानीच्या दगडाला ट्रॉल्यांनी घासून गुळगुळीत चर पाडलेत. पुरातत्त्ववाल्याला हे पाहून कळवळा येईल, येऊही द्यावा. पण हे दरवाजे टिकले ते कामाला येतात म्हणून, असं माझं मत आहे. ज्या भिंतीचं काम उरलं नाही तिच्या विटा घराघरांत गेल्या.

क्राकोव्हचं इथे आठवतं. पोलंडची ही जुनी राजनगरी. तिचीही तटबंदी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडली गेली. पण तटाची जागा त्यांनी घरांना दिली नाही. जुन्या शहराभोवती झाडांचा हिरवा पट्टा केला, तो आजही आहे. फ्लोरियन दरवाजा आणि त्यापुढचा गोल बुरूज तेवढा राखला. हा बुरूज 1498 च्या सुमाराचा, म्हणजे आपल्या फतहुल्लाच्या हयातीतलाच. युनेस्कोनं 1978 मध्ये जागतिक वारशाची पहिली बारा ठिकाणं जाहीर केली, त्यात क्राकोव्ह होतं. दोन्ही शहरांचं पान एकाच सुमारास उलटलं. राजधानी क्राकोव्हहून वॉर्सोला गेली त्यासाठी 1596 हे साल सांगितलं जातं. आणि त्याच 1596 मध्ये अहमदनगरच्या चांदबिबीला वऱ्हाड अकबराच्या हवाली करावं लागलं. पुढे मोगल फौजेचं बस्तान बाळापूरकडे सरकलं आणि शहजादा मुरादनं तिथे शहापूर वसवलं.

बिच्छनच्या काठावर दुल्हा रहमान गाजींचा दर्गा आहे. त्यांची आणि ईल नावाच्या जैन राजाची लढाई हा अचलपूरच्या दंतकथांचा कणा. इतिहासकार तिच्या तारखांवर विश्वास ठेवत नाहीत, गाव ठेवतं. परतवाड्याहून थोड्या अंतरावर मुक्तागिरीची जैन मंदिरं डोंगरात आहेत. त्यांची संख्या बावन्न सांगतात, आणि सरहद्द ओलांडल्यानं ती बैतूल जिल्ह्यात मोडतात. एकाच दिवशी दोन्ही ठिकाणी जाऊन येणारी माणसं इथे कमी नाहीत.

दोन डोक्यांचा पक्षी

गाविलगडावर चिखलदऱ्याहून सरळ चालत जाता येतं. तळी, मशिदीच्या कमानी, तोफा हे सगळं आहेच. पण थांबायचं ते दिल्ली दरवाजापाशी. दगडात तिथे गंडभेरुंड कोरलाय. दोन डोक्यांचा पक्षी, त्यानं हत्ती धरलेले. शेजारी सिंह, त्याच्याही तावडीत हत्ती. गंडभेरुंड हे विजयनगरकडचं प्रसिद्ध चिन्ह. वऱ्हाडातल्या मुसलमान सुलतानाच्या किल्ल्यावर ते कसं आलं, याचं उत्तर फतहुल्लाच्या जन्मगावात आहे, असं जुन्या गॅझेटियरकारांनी सुचवलं. मला ते पटतं. लहानपणी कैद होऊन आलेल्या मुलानं म्हातारपणी आपल्या गडावर ते चिन्ह कोरून घ्यावं, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

गाविलगडाचं नाव इंग्रजी वाचकांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असावं, कारण बर्नार्ड कॉर्नवेल यांनी त्यावर अख्खी कादंबरी लिहिली. निमित्त 1803 चं. त्या वर्षी 29 नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या रानात आर्थर वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. हाच पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. फौजेचा उरला भाग गाविलगडावर चढला.

गड दक्षिणेकडून घेणं अशक्य होतं. तिकडे सरळ तुटलेले कडे. उत्तरेकडून डोंगराची सोंड गडाला जोडलेली आहे, तीच एक वाट. वेलस्ली स्वतः दक्षिणेला तळ देऊन बसला आणि कर्नल स्टीव्हन्सनला जड तोफा घेऊन डोंगरातून वळसा घालून उत्तरेकडच्या लाबडा गावाला पाठवलं. रस्ता नव्हताच. शिपायांनी पुढे झाडं तोडायची, दरड फोडायची, आणि मागून माणसांनी तोफा ओढायच्या. मेळघाटात पावसाळ्यानंतर ज्यानं एखादी अडकलेली जीप ढकललीय, त्यानं जीपच्या जागी तोफ कल्पून पाहावी. 7 ते 12 डिसेंबर हे चाललं. 13 तारखेला तोफा सुरू झाल्या, 15 तारखेला सकाळी हल्ला. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं होतं, पण आतला तट शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं घळीतून शिड्या लावून तो चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग दरवाजातच लढून पडला. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, एलिचपूरजवळच्या देवगावात तह झाला आणि भोसल्यांचा वऱ्हाडावरचा हक्क जवळजवळ संपला. लंडनमध्ये वेलिंग्टनचे पुतळे आहेत. देवगावात या तहाची खूण शोधायला गेलात तर फक्त देवगाव सापडेल.

1857 च्या उठावानंतर तात्या टोपे सातपुड्यात फिरू लागला, तेव्हा गड त्याच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी 1858 मध्ये तो मोडून टाकला. आज दिसणारी पडझड सगळीच काळानं केलेली नाही.

नरनाळ्याला जायचं तर

अकोल्याहून अकोट, अकोटहून शहानूर. तिथे वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची, कारण पुढचं सगळं मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पसाऱ्यातलं नरनाळा अभयारण्य. संध्याकाळपूर्वी खाली उतरावंच लागतं. या अटीनं किल्ल्याचं भलंच झालंय. वर टपऱ्या नाहीत, तटावर बदाम-बाण कोरणारे कमी.

महाकाली दरवाजा समोर येतो तेव्हा आधी रंग दिसतो. बाकीचा किल्ला काळ्या दगडाचा आणि हा पांढरट वालुकाश्माचा. दोन्ही बाजूंना पुढे आलेले सज्जे, नाजूक जाळ्या, दगडी कमळं, अरबी लिपीतली कुराणवचनं. एवढं कोरीव काम वऱ्हाडात दुसऱ्या कुठल्या गडाच्या दरवाजावर मी तरी पाहिलेलं नाही. शत्रू अडवायला एवढी नजाकत लागत नाही. ती लागते ती आपण आता कोण झालो आहोत हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला.

वर कातळात खोदलेली, दगडी कमानींनी झाकलेली टाकी आहेत. लोक त्यांना तेला-तुपाची टाकी म्हणतात. पावसाचं पाणी ऊन आणि पाचोळा न लागता वर्षभर राहावं, हा त्यांचा खरा उपयोग दिसतो. शक्कर तलाव आहे, नऊगजी तोफ आहे. गडाचे भाग तीन, जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड. तिन्ही तटानं जोडलेले. सगळं फिरायला एक दिवस अपुरा पडतो.

इमादशाहीचा शेवटही इथेच झाला. दख्खनच्या पाच शाह्यांपैकी वऱ्हाडच तेवढं 1565 च्या तालिकोटच्या लढाईत उतरलं नाही. पण लढाई टाळून राज्य वाचलं नाही. बुऱ्हाण इमादशहा पोरवयाचा. त्याचा वजीर तुफाल खान यानं त्याला नरनाळ्यावर कोंडलं आणि स्वतः सत्ता बळकावली. हे निमित्त करून अहमदनगरचा मुर्तजा निजामशहा चालून आला. तुफाल खान नरनाळ्यावर आणि त्याचा मुलगा गाविलगडावर, असे बापलेक दोन डोंगरांवर अडकले. 1574 मध्ये दोन्ही गड पडले. पोरवयाचा बुऱ्हाण आणि त्याचा वजीर दोघेही कैदेतच मेले. फतहुल्लानं ज्या दोन डोंगरांवर विसंबून राज्य उभं केलं, त्याच दोन डोंगरांवर ते चौऱ्याऐंशी वर्षांत संपलं.

शकुंतला

एलिचपूर मागे पडलं ते कुणी जाळलं-लुटलं म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकात कापसाला भाव आला, मुंबईहून निघालेली रेल्वेची मुख्य लाइन अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला गेली आणि एलिचपूर बाजूला राहिलं. जिनं, पेढ्या, वकील, कचेऱ्या सगळं अमरावती-अकोल्याकडे वळलं. एलिचपूर जिल्ह्याचं ठिकाण तरी होतं. 1905 मध्ये तो जिल्हाही अमरावतीत विलीन केला गेला.

मग उशिरानं रेल्वे आली ती छोटी. मूर्तिजापूर ते एलिचपूर, अडीच फुटी रूळ, किलिक निक्सन कंपनीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वेची. काम कापूस मुख्य लाइनपर्यंत पोचवण्याचं. लोकांनी तिला शकुंतला म्हटलं. मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गांवर 1994 पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. स्वातंत्र्यानंतरही ही लाइन खासगी कंपनीच्या मालकीचीच राहिली आणि रुळांची देखभाल करायची कुणी, या घोळात ती रखडत गेली. ही गाडी आता बंद आहे. अचलपूरच्या स्टेशनाबद्दल विचारलं की माणसं स्टेशन दाखवत नाहीत, शकुंतलेच्या आठवणी सांगतात. मुंबईच्या फिनले मिलचं नाव घेऊन आलेली कापड गिरणी हा अलीकडच्या काळातला मोठा आधार होता. कोरोनाच्या टाळेबंदीत तिचा भोंगाही थांबला. तिच्या कामगारांसमोर हौज कटोऱ्याच्या पर्यटनक्षमतेवर भाषण करायला जीभ रेटत नाही.

तरीही एक गोष्ट मागावीशी वाटते आणि ती फार खर्चाची नाही. चिखलदऱ्याला दर शनिवार-रविवारी जी गर्दी जाते ती परतवाड्यावरूनच जाते. तिथल्या चौकात एक फलक लागावा. अचलपूर, गाविलगड आणि नरनाळा ही एकाच राज्याची तीन अंगं आहेत, एवढं सांगणारा, नकाशासकट. दोन्ही जिल्ह्यांनी मिळून एक माहितीपत्रक काढावं. हौज कटोऱ्याच्या भिंतीतली झाडं पावसाळ्याआधी काढावीत. आणि वाचकांनी पुढच्या खेपेला चिखलदऱ्याला निघताना दोन तास आधी निघावं. परतवाड्याला चहा झाला की अचलपुराकडे वळावं, दुल्हा गेटमधून आत जावं, हौज कटोरा पाहावा आणि मग घाट चढावा. उन्हाळ्यात नको, संत्री बाजारात आली की जा.